हिंजवडीचं धुणं, उजनीचं पाणी

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मध्येमध्ये आलेले 'म्हणजे बघा' आणि शेजारच्यांच्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय.

आज सुरुवात थेट मंगोलियातून. तिकडे उत्तरेला, सायबेरियाला लागून, खोव्सगोल नावाचं एक प्रचंड मोठं तळं आहे. डोंगरात, चहूबाजूंनी राष्ट्रीय उद्यान, वस्ती अगदी तुरळक. २०१४ साली तिथल्या पाण्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारीक जाळीने पृष्ठभागावरचं पाणी गाळलं, तर दर चौरस किलोमीटरला सरासरी २०,२६४ प्लास्टिकचे कण निघाले. अमेरिकेतल्या ह्यूरॉन आणि सुपीरियर या सरोवरांच्या काठी शहरं आहेत, कारखाने आहेत, तरी त्यांच्यापेक्षा हे तळं जास्त भरलेलं निघालं. कारण साधं होतं. काठावर माणसं थोडी, पण त्यांचा कचरा उचलणारं कुणी नाही. पिशव्यांचे तुकडे, बाटल्यांचे तुकडे, मासेमारीचं सामान, सगळं उन्हात वाळून चुरा होऊन पाण्यात.

दुसरी गोष्ट फ्रान्समधली. पिरेनीज पर्वतात, गावापासून लांब, वैज्ञानिकांनी पाच महिने वरून पडणारी धूळ आणि पाऊस गोळा केला. २०१९ मध्ये आकडा आला: दिवसाला एका चौरस मीटरवर सरासरी ३६५ कण. वाऱ्याबरोबर हे कण ९५ किलोमीटरपर्यंत लांबून आले असावेत, असा त्यांचा हिशोब होता.

९५ किलोमीटर. पुण्याहून भिगवण साधारण एवढंच. फरक एकच, आमच्याकडे येण्यासाठी प्लास्टिकला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. नदी आहे ना.

मी इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावचा. आजोबांची चांगली काळी जमीन धरणात गेली. मी बीटेक करून हिंजवडीत नोकरीला लागलो. महिन्यातून दोनदा घरी जातो, आणि जाताना सोलापूर रोडवर डोक्यात नेहमी एक नकाशा चालू असतो. हिंजवडीचं सांडपाणी मुळेकडे. पवना दापोडीला मुळेत मिळते. पुण्यात संगमावर मुळा-मुठा एक होतात. तिकडून इंद्रायणी देहू-आळंदीवरून येऊन तुळापूरला भीमेत पडते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. मग दौंड, आणि दौंडच्या खाली भीमा हळूहळू रुंद होत जाते, वेग सोडते आणि उजनी होते. मी एसटीने जातो, माझ्या वॉशिंग मशीनचं पाणी नदीने जातं. पोचतो दोघंही एकाच गावाला.

आता थोडं नाव-गाव सांगतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द जगाला माहीत झाला तो इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या शोधनिबंधामुळे. त्याच थॉम्पसन यांनी इमोजन नॅपर यांच्यासोबत २०१६ मध्ये कपडे धुऊन धागे मोजले. सहा किलो कपड्यांची एक धुणी. ॲक्रेलिकचे कपडे असतील तर सात लाखांहून जास्त धागे सुटू शकतात, पॉलिएस्टरचे असतील तर पाच लाखांच्या आसपास. आपले जर्सीचे टी-शर्ट, ट्रॅक पँट, कंपनीने वाटलेली ती जाकिटं, सगळं पॉलिएस्टर. कंपनीचा लोगो काही वर्षांत निघून जातो, धागे मात्र प्रत्येक धुण्याला थोडे थोडे जात राहतात.

'पण सांडपाणी शुद्ध करतात ना?' असं माझ्या रूममेटने विचारलं. करतात, पण सगळं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा बराच मैला अजूनही नाल्यांतून थेट नदीत येतो. म्हणून तर जपानच्या जायकाच्या कर्जातून पुण्यात ११ नवीन शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प हाती घेतला. आणि ही केंद्रं चांगली चालली तर बहुतेक कण अडवतात, हे खरं आहे. पण अडवलेला कण नाहीसा होत नाही. तो खालच्या गाळात बसतो, आणि तो गाळ पुढे खत म्हणून कुणाच्या तरी शेतात जाऊ शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सुटला नाही, दुसऱ्या टीमकडे असाइन झाला.

आता उजनी. १९८० साली धरण पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पण फुगवटा मागे इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे दारं उघडली तरी खाली न जाणारं पाणी. म्हणून तर आमच्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं होतं आणि अख्खं पुणे तिथे सेल्फी काढायला आलं होतं.

मृतसाठा हा शब्द प्लास्टिकच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वाहती नदी कण पुढे ढकलत राहते. पाणी थांबलं की जड कण खाली बसतात. हलके, पॉलिथिनसारखे, आधी तरंगतात. मग त्यांच्यावर शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो, वजन वाढतं आणि तेही तळाला जातात. उजनीत शहराच्या मैल्यामुळे शेवाळाला खुराक भरपूर, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं ते त्यामुळेच. म्हणजे एवढं मोठं धरण हे पुण्याच्या सांडपाण्याची सगळ्यात मोठी निवळण टाकी आहे. फक्त कुणी तशी बांधली नव्हती. आणि या टाकीतून सोलापूर शहराला पिण्याचं पाणी जातं, आमच्या ऊस-केळीला पाणी जातं आणि भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी, कटला, रोहू येतात.

थंडीत कुंभारगावला रोहित पक्षी बघायला जाणारे तुमच्यातले बरेच असतील. रोहित कसा खातो ते नीट बघा. मान खाली, चोच उलटी, आणि चिखलाचं पाणी चोचीतल्या कंगव्यासारख्या पट्ट्यांतून गाळून काढतो. गाळणीने चिखल गाळून जगणारा पक्षी आणि तळाशी बारीक तुकडे साठवणारं धरण, ही जोडी मला तरी काळजीची वाटते. फोटोत ती दिसत नाही.

सगळा दोष पुण्यावर टाकून मोकळं व्हायचा मोह मलाही होतो, पण मग तात्यांशी बोलणं झालं. तात्या आमच्या शेजारचे, तीस वर्षं मासेमारी करतात. तंगुसाचं जाळं, म्हणजे नायलॉनचं, रात्री लावायचं आणि पहाटे काढायचं. मी विचारलं, फाटलेल्या जाळ्याचं काय करता?

"शिवण्यासारखं असलं तर शिवतो. न्हाईतर दोडक्याच्या मांडवाला लावतो. अन् खाली झाडाच्या खोडात अडाकलं तर कापूनच सोडावं लागतं, जीव द्यायचा का त्याच्यासाठी?"

धरणात बुडालेल्या जुन्या बाभळी अजून खाली उभ्या आहेत, त्यांच्यात जाळी अडकतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची जाळी. तात्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पहाटे चार वाजता होडीत त्यांच्या जागी मी असतो तर मीही कापलं असतं.

बरं, एवढं वाचल्यावर हात शिवशिवले. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, पण मीठ आहे. एक लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम मीठ विरघळवलं की ते पाणी इतकं जड होतं की माती खाली राहते आणि पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन वर येतं. पॉलिएस्टर त्याहून जड, ते मिठाच्या पाण्यात सहसा वर येत नाही. म्हणजे माझ्या टी-शर्टचा पुरावा या पद्धतीत बहुतेक तळातच दडून राहतो, हेही लक्षात ठेवा. पाणी ओसरलेल्या काठावरचा चिखल आणला, वाळवला, मिठाच्या पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला. मीठ आधी विरघळवून कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घेतलं होतं, कारण २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांना बाजारातल्या समुद्री मिठातच प्लास्टिकचे कण सापडले होते. आणि शेजारी एक बरणी नुसत्या मिठाच्या पाण्याची ठेवली, माती न घालता. घरातल्या हवेतून काय पडतं ते कळायला.

सकाळी त्या रिकाम्या बरणीतही धागे होते. आईची साडी, माझा शर्ट, दिवाणावरची चादर, कुठलेही असतील. म्हणून धाग्यांवर मी काही बोलणार नाही. पण चिखलाच्या बरणीत वर आलेले चपटे तुकडे होते, काळे आणि चंदेरी. तापलेली सुई लावली की ते आक्रसून वितळत होते. काडी-पाला असता तर जळाला असता. मोबाइलला वीस रुपयांची भिंग-क्लिप लावून बघितलं तर एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने चंदेरी. हा रंग इंदापूर-बारामतीत शेती असलेल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. मल्चिंग पेपर. म्हणजे हा तुकडा पुण्याहून आलेला नव्हता.

इथून पुढचं बोलणं जरा लांबेल, कारण माझ्या मते यावर कुणी बोलत नाही.

बारामती म्हटलं की लोकांना कॅनॉलचा हिरवा पट्टा आठवतो. पण सुपे, मोरगाव, तो वरचा सगळा जिरायत भाग. तिथे आणि इंदापूरच्या माळावर गेल्या वीसेक वर्षांत जे काही हिरवं झालं ते प्लास्टिकने झालं, हे मान्य करावं लागेल. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा कागद. ठिबकच्या नळ्या. कलिंगड, खरबूज, मिरचीला मल्चिंग. डाळिंबावर उन्हाळ्यात पांढरं क्रॉप कव्हर. शेडनेट. खताची, पेंडीची विणलेली पोती. पाणी वाचलं, तण कमी झालं, मुलं शिकली. माझी फी डाळिंबानेच भरली. त्यामुळे 'प्लास्टिक वाईट' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण एक हिशोब करून बघा. मल्चिंग पेपर साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा. सहा फुटांवर बेड असतील तर एकराला सुमारे सव्वादोन हजार मीटर पेपर लागतो, म्हणजे ४०० मीटरचे साडेपाच-सहा रोल. रुंदी सव्वा मीटरच्या आसपास धरली तर वजन येतं साधारण साठ किलो. आता कायदा बघा. देशात ३१ डिसेंबर २०२२ पासून हातातली प्लास्टिक पिशवी किमान १२० मायक्रॉनची असावी लागते. एक फूट बाय सव्वा फुटाची अशी पिशवी भरते पंचवीस-सव्वीस ग्रॅम. म्हणजे एका एकराचा पेपर म्हणजे सव्वादोन-अडीच हजार पिशव्या. बारामतीच्या मंडईत भाजीवाल्याची पातळ पिशवी पकडली तर दंड, आणि त्याच्या भाजीखाली अंथरलेला, पिशवीच्या एक-चतुर्थांश जाडीचा कागद अनुदानावर. मी दोन्ही नियमांच्या विरोधात नाही. फक्त दोन्ही नियम एकमेकांना ओळखत नाहीत.

ऊन पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडत जातं. पहिल्या हंगामात पेपर मऊ असतो, दोन्ही हातांनी ओढला की लांबच्या लांब निघतो. दुसऱ्या हंगामात तो पापडासारखा होतो. आणि खर्च वाचवायला आपण काय करतो? एकाच पेपरवर दोन पिकं. आधी कलिंगड, मग त्याच भोकांत मिरची. त्यानंतर तो हाताने निघतच नाही, चुरा होतो. मग रोटाव्हेटर फिरतो. बारामती तालुक्यातला माझा एक मित्र शेती करतो, तो म्हणाला, "अरे, पेपर गोळा करायला चार बायका दोन दिवस लागतात. आणि गोळा करून करू काय? मातीने भरलेला असतो, भंगारवाला हात लावत नाही." मग बांधावर ढीग, ढिगाला काडी, नाहीतर पहिल्या वळवात ओढ्याला.

चीनमध्ये हे आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर झालंय. तिकडे आठ मायक्रॉनचा पेपर वापरत होते, तो उचलताच यायचा नाही, शेतात थर साठले, कापसाची मुळं अडायला लागली. शेवटी २०१७ मध्ये त्यांनी मानक बदलून किमान दहा मायक्रॉन केलं. आपला पेपर त्याहून दुप्पट जाड आहे. म्हणजे तो वेळेवर काढला तर निघतो. सगळं 'वेळेवर' या शब्दावर अडलंय.

आणि गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. उन्हाळ्यात धरणाचा, तलावाचा गाळ काढून शेतात टाकायचा. योजना चांगली आहे, पोयट्याची माती सोन्यासारखी असते. पण जिथे शहराचं पाणी निवळतं तिथल्या गाळातून शहराचे धागे आणि आपलाच चुरा परत शेतात येणार. तिथून ओढ्याला, ओढ्यातून पुन्हा पाण्यात. बारामतीकडचं कऱ्हेत, कऱ्हा सोनगावला नीरेत, आणि नीरा इंदापूरच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला भीमेत. उजनीतून सुटलेली भीमा आणि बारामतीकडून आलेली नीरा तिथे भेटतात. पुढे पंढरपूर. तुकोबांच्या पादुकांना आषाढीत सराटीला नीरास्नान घालतात ते पाणी हेच.

हे सगळं मी आईला जेवताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं. पाणी प्यायचं का न्हाई तेवढं सांग."

प्रश्न बरोबर आहे. तर आधी आरोग्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकने अपाय होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, आणि म्हणून आणखी अभ्यास हवा. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांमधून शस्त्रक्रियेने काढलेला थर तपासला. २५७ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या थरात पॉलिथिन सापडलं, आणि ज्यांच्यात सापडलं त्यांना पुढच्या काळात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. यात प्लास्टिकनेच तो झाला असं सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनीही म्हटलंय. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, याची मर्यादाच नाही. म्हणजे पाणी 'पास' आहे, पण हा पेपर घेतलाच नाही.

मग बाटली? २०१८ च्या एका अभ्यासात भारतासह नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या, ९३ टक्क्यांमध्ये प्लास्टिक निघालं. गावातलं आरओचं एटीएम कण अडवतं, पण तिथून घरी पाणी येतं ते उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या जारमधून. आईला मी जे सांगितलं ते चीनमधल्या २०२४ च्या एका प्रयोगावरून. पाणी जड असेल, म्हणजे क्षार जास्त असतील, तर उकळताना क्षारांचा थर बसतो आणि त्यात प्लास्टिकचे बारीक कण अडकतात. चांगल्या जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की हीटरच्या रॉडवर महिन्याभरात पांढरं कवच येतं. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या ते क्षार कामाला आले. उकळायचं, निवू द्यायचं, सुती कापडाने गाळायचं, स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवायचं. आई म्हणाली, "हे तर आम्ही कावीळ आली तवा करत होतो."

पण हे एका घरापुरतं. तात्यांच्या चिलापीला, कुंभारगावच्या रोहिताला उकळून पाणी देता येत नाही. म्हणून माझा जोर उगमावर आहे. शहरात, आपल्याकडे: मशीन पूर्ण भरल्यावरच लावा, थंड पाण्याचा छोटा प्रोग्रॅम निवडा, नव्या मशीनला धागे अडवणारी जाळी मागा. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या मशीनना ती सक्तीची करायचं ठरवलंय, आपल्या कंपन्यांना कुणी विचारलेलंही नाही. जाळीत जमलेला लगदा मात्र सिंकमध्ये धुऊ नका, नाहीतर काय उपयोग. गावात: पेपर पहिल्या पिकानंतर, मऊ असताना काढा. आणि अनुदान जसं अंथरण्याला मिळतं तसं काढून जमा करण्यालाही मिळालं पाहिजे, त्याशिवाय चार बायकांची दोन दिवसांची मजुरी कुणी का भरेल? साखर कारखान्याकडे वजनकाटा आहे, ट्रॅक्टर आहेत, प्रत्येक गावाची यादी आहे. ऊस मोजतात तसा पेपर मोजायला काय हरकत आहे, हे मी तरी समजू शकलेलो नाही.

मित्राला पटवलंय. त्याचं यंदा एक एकर कलिंगड आहे. अर्ध्या एकराचा पेपर तो तोडणी झाली की लगेच काढणार, अर्ध्यावर नेहमीसारखी मिरची घेणार आणि मग काढणार. दोन्ही वेळा निघालेला पेपर धुऊन, वाळवून वजन करायचं आणि अंथरला होता त्यातला किती परत आला ते बघायचं. धुण्याचं काम माझ्यावर आलंय. पहिलं वजन हातात आलं की त्या आठवड्याच्या भागात सांगतो.